रत्नागिरी शहर आणि एसटीचा पास: पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

टिळक आळीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "गणपतीपुळ्याला जाताना वाटेत रत्नागिरीत काही बघण्यासारखं आहे का?" हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा जिथे वारला, लोकमान्य जिथे जन्मले, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत घेणारं देऊळ जिथे १९३१ मध्ये उभं राहिलं, ते गाव म्हणजे नुसतं जेवायला थांबायचं ठिकाण नव्हे. दरवेळी फोनवर सांगते तेच इथे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

जयपूरसारखं सगळी ठिकाणं एका तिकिटात बघता येतात का?

इथे तिकीट असेल तर ते त्या त्या दारावर काढायचं. रक्कम किरकोळ असते, म्हणून त्याची चिंता करू नका. देवळं, बंदर, समुद्र, जुन्या आळ्या यांना तिकीट नाही. कोकणात फिरताना खर्च होतो तो रस्त्यावर, आणि त्यासाठी एसटीचा "आवडेल तेथे कोठेही प्रवास" हा पास आहे. पुढे "पास" म्हटलं की तो हाच समजा. तो फक्त गाडीत चालतो, थिबा राजवाड्याच्या दारात दाखवून उपयोग नाही.

हा पास नेमका काय आहे?

एसटीने ही योजना १९८८ मध्ये सुरू केली. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा असतो. तेवढ्या दिवसांत त्या प्रकारच्या गाडीत कुठेही चढा, कुठेही उतरा. साध्या गाडीचा पास वेगळा आणि वरच्या दर्जाच्या गाड्यांचा वेगळा, दरही वेगळे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचा पास अर्ध्या किमतीत मिळतो. तुमच्या गावच्या स्टँडवर पासाच्या खिडकीवर ओळखपत्र घेऊन जा. निघायच्या आधी दोन-चार दिवस काढून ठेवलात तर ऐनवेळी रांगेत उभं राहावं लागत नाही.

एक गोष्ट खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. पासाचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा मोजतात. रात्री दहाच्या गाडीने मुंबईहून निघालात तर पहिला दिवस दोन तासांत संपला! म्हणून पास पहाटेच्या गाडीच्या तारखेपासून घ्या. रात्रीच यायचं असेल तर येतानाचं तिकीट वेगळं काढा आणि पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा.

पास परवडतो का?

कागद-पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांत कळेल. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात, वर थोडा अधिभार. मुंबई ते रत्नागिरी साधारण ३४० किलोमीटर, म्हणजे ५७ टप्पे, एका बाजूचे पावणेसहाशेच्या आसपास. येऊन-जाऊन साडेअकराशे. गणपतीपुळ्याला जाऊन येण्याचे शंभरेक, पावसचे साठ, जयगडचे एकशेसाठ. बेरीज साडेचौदाशेच्या घरात जाते. तुमच्या खिडकीवरचा पासाचा दर याच्याशी ताडून बघा.

आता माझं मत. शहर नीट बघायचं असेल तर चार दिवसांचा पास घेऊ नका. त्यातले दोन दिवस येण्याजाण्यात जातात आणि उरलेल्या दोन दिवसांत माणूस पास वसूल करायला धावतो. मागे आमच्याकडे एक जोडपं उतरलं होतं. सकाळी सहाला बाहेर, रात्री नऊला परत. जयगड झालं, पावस झालं, गणपतीपुळे तर दोनदा झालं. निघायच्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "काकू, तो राजवाडा कुठे आहे हो?" आमच्या गच्चीवरून बोट दाखवण्याइतका तो जवळ आहे. त्यांच्या हातात बॅगा होत्या आणि गाडीला पाऊण तास उरला होता.

सात दिवसांचा पास मात्र खरोखर उपयोगाचा आहे. एक दिवस येण्याचा, दोन शहराचे, तीन आसपासचे, एक परतीचा. यात घाई होत नाही आणि पैसेही वाया जात नाहीत.

बायकांनी आणि ज्येष्ठांनी पास घ्यावा का?

सहसा नको. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे राज्यात प्रवास मोफत. वरची साडेचौदाशेची बेरीज बाईमाणसाला निम्म्यात पडते. मी आणि आमचे हे फिरायला जातो तेव्हा पास फक्त त्यांचा काढतो. आजीआजोबांना आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. वय दाखवावं लागतं.

पास असला की बसायला जागा मिळतेच का?

नाही. पास म्हणजे तिकीट, आसन नव्हे. लांबच्या गाडीला आरक्षणाचे पैसे वेगळे भरून जागा धरा. गणपती, शिमगा आणि मे महिना, या तीन वेळी तर आरक्षणाशिवाय निघूच नका. चाकरमानी गावी येतात, गाड्या पायरीपर्यंत भरतात.

शहर बघायला दोन दिवस खरंच लागतात का?

लागतात, कारण शहर वर-खाली आहे. काही भाग सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर), काही उतारावर, काही थेट पाण्याला लागून. मी पाहुण्यांना असा क्रम सांगते. पहिल्या दिवशी सकाळी थिबा राजवाडा, मग थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, जेवून थोडी विश्रांती, चारच्या सुमारास टिळक जन्मस्थान, तिथून पतितपावन मंदिर, आणि सूर्य बुडायच्या आधी मांडवीच्या जेटीवर. दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा बंदर, उन्हं चढायच्या आत किल्ला, दुपारी पेठकिल्ल्यातलं मत्स्यालय (तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मुलं जागची हलत नाहीत), संध्याकाळी भाट्याचा किनारा.

सोमवार टाळा. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

थिबा राजवाड्यात बघण्यासारखं काय आहे? बाहेरून फोटो काढला तर चालेल ना?

बाहेरून फोटो काढून परत जाणारे पुष्कळ. कृपा करून आत जा, आणि जाण्याआधी एवढी गोष्ट वाचून जा.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा राजा सत्तावीस वर्षांचा होता. रत्नागिरी का? रेल्वे नव्हती, पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र. पळून जाणार कुठे? त्याआधी शेवटच्या मोगल बादशहाला, बहादूरशहा जफरला, इंग्रजांनी दिल्लीहून रंगूनला नेलं होतं आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. दिल्लीचा राजा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा आमच्या कोकणात.

हा राजवाडा मात्र १९१० मध्ये पुरा झाला. म्हणजे चोवीस वर्षं राजाचं कुटुंब दुसऱ्या बंगल्यांमध्ये राहिलं, आणि वाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीचीच झाली. तिची मुलगी टूटू हिचं लग्न इथल्याच माणसाशी झालं आणि सगळं आयुष्य तिने रत्नागिरीत काढलं. ती २००० साली गेली. माझ्या सासूबाईंच्या पिढीला ती बाजारात दिसायची. अंगावर इथल्या चारचौघींसारखं लुगडं, आणि बोलणं अस्सल मराठी.

आत गेलात की वरच्या अर्धगोल खिडक्या निरखून बघा. लाकडात कोरलेली नक्षी आहे, आणि सकाळी दहाच्या आसपास तिची सावली फरशीवर पडते. बहुतेक लोक खालच्या मजल्यावरच्या मूर्ती बघून परततात. जिथे वर जाऊ देतात तिथपर्यंत जा आणि पश्चिमेकडे तोंड करून दोन मिनिटं उभं राहा. खाडी आणि समुद्र जिथे मिळतात ती जागा समोर दिसते. राजाला रोज हेच दिसत असणार, गलबतं येताना आणि जाताना.

राजाची कबर कुठे आहे?

राजवाड्यात नाही. शहरातच, शिवाजीनगर भागात, घरांच्या मधोमध. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" म्हणा, तो नेईल. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे डोकं टेकवायला आले होते. जागा साधी आहे, पाच मिनिटांत बघून होते. मी दर हिवाळ्यात एकदा जाते, घरच्या जास्वंदीची चार फुलं ठेवते आणि येते.

टिळक जन्मस्थान म्हणजे मोठा वाडा आहे का?

मुळीच नाही, आणि म्हणूनच मला ते आवडतं. कौलारू छप्पर, चिऱ्याच्या भिंती, पडवी, पाठीमागे झाडं. जुन्या रत्नागिरीतल्या मध्यम घरासारखं घर. टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, ते नोकरीमुळे इथे राहत होते. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य इथे जन्मले. १८६६ मध्ये वडिलांची पुण्याला बदली झाली, तोवरचं सगळं बालपण या आळीतलं. मुलांना घेऊन येत असाल तर हे नक्की सांगा: शाळेत ज्यांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ऐकतो, ते दहा वर्षांचे होईपर्यंत याच अंगणात खेळले.

तिथून बाजाराकडे चालत आलात की रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय लागतं. स्थापना १८२८ ची. वाचणाऱ्या माणसाने तिथे थोडं थांबावं.

पतितपावन मंदिराचं वेगळेपण काय?

देऊळ लक्ष्मी-नारायणाचं आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या वर्षांत अस्पृश्यांना देवळात घेण्यावरून गावात मोठा वाद पेटला होता. तेव्हा भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने हे देऊळ बांधलं आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये ते सगळ्या जातींसाठी खुलं झालं. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले, गरिबीतून वर आलेले. सावरकरांचं नाव सगळे घेतात, भागोजीशेठ मात्र विसरले जातात. किल्ल्याच्या बाजूचं भागेश्वर मंदिरही त्यांनीच बांधलेलं. तिथेही जा.

किल्ला चढायला अवघड आहे का?

रत्नदुर्गाला वरपर्यंत गाडी जाते, मग थोड्या पायऱ्या. गुडघे दुखणारे आजोबासुद्धा थांबत थांबत जातात. किल्ला घोड्याच्या नालासारखा आहे, तीन बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, म्हणून आम्ही "भगवती किल्ला"च म्हणतो. बहामनी, आदिलशाही, मग १६७० मध्ये शिवाजी महाराज, पुढे आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज, असा त्याचा प्रवास. एका बुरुजावर दीपगृह आहे. ते दुपारनंतर ठरावीक वेळेतच उघडतं, म्हणून त्यासाठी वेगळी चक्कर मारावी लागेल.

सकाळचं मात्र सांगते. आधी सहा-साडेसहाला खाली मिरकरवाड्यात जा. होड्या लागलेल्या असतात, बायका डोकीवर पाट्या घेऊन पळत असतात, आणि लिलाव करणारा इतक्या भरभर आकडे बोलतो की नवख्याला एकही कळत नाही. पायाखाली खवले आणि बर्फाचं पाणी, तेव्हा चांगल्या चपला घालू नका. वाटेत उभं राहून फोटो काढू नका, त्यांची ती कामाची वेळ आहे. तिथून वर किल्ल्यावर गेलात की तेच बंदर खाली ताटात मांडल्यासारखं दिसतं आणि एका बाजूला पांढरी, दुसऱ्या बाजूला काळी वाळू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव नाही.

शहरात पास चालतो का?

रत्नागिरीची शहर बस एसटीचीच आहे. साध्या गाडीच्या पासावर ती चालते का, हे पास काढतानाच खिडकीवर विचारून घ्या. शहराच्या आणि जवळच्या गावांच्या गाड्या कुठल्या स्टँडवरून सुटतात, तेही विचारून घ्या. रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. रात्री उशिरा उतरणार असाल तर रिक्षा आधीच ठरवा. शहरात जवळच्या दोन ठिकाणांमध्ये चालणंच बरं. पाखाड्यांनी, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांनी, उतरत गेलं की जुनी घरं, गडगे (दगडी कुंपणं), विहिरी दिसतात, ज्या गाडीतून कधीच दिसणार नाहीत.

पासावर आसपास कुठे जावं?

गणपतीपुळ्याला आरेवारेच्या किनारी रस्त्याने जाणारी गाडी धरा, साधारण २५ किलोमीटर. डाव्या बाजूची खिडकी पकडा. पुढे अगदी जवळ मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक बघितल्याशिवाय परतू नका. पासाचा खरा फायदा इथे कळतो. पुळ्याला उतरा, दर्शन घ्या, मागून येणारी गाडी धरून मालगुंडला जा, तिथून परत. दरवेळी सुट्टे पैसे शोधायला नकोत.

दुसऱ्या दिशेला भाट्याचा पूल ओलांडून पावस, स्वामी स्वरूपानंदांची समाधी. जयगडला किल्ला आणि दीपगृह. तिथून तवसाळला फेरीबोट जाते, तिचं तिकीट वेगळं. पलीकडे उतरलात की तुम्ही गुहागर तालुक्यात, पुन्हा एसटीच्या राज्यात.

खेडेगावात गेल्यावर पहिलं काम एकच: परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे कंडक्टरला विचारणं. गुगलवर बघू नका, शेजारच्या टपरीवाल्यालाही नको, कंडक्टरलाच विचारा. काही गावांत संध्याकाळनंतर येणारी गाडी वस्तीची असते. ती तिथेच मुक्कामाला राहते आणि पहाटे निघते. माझा भाचा असाच एका गावात अडकला आणि अनोळखी घराच्या पडवीत झोपला. घरातल्या आजीने त्याला जेवायला घातलं, पण प्रत्येकाच्या नशिबी तशी आजी असेलच असं नाही.

कातळशिल्पं एसटीने बघता येतात का?

काही येतात. सड्यावरच्या जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे, माणसं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षीचा हत्ती रत्नागिरीहून सगळ्यात सोयीचा, आणि गावकऱ्यांनी त्याला भिंत घालून जपला आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा हत्ती तर जवळजवळ १८ मीटर लांब. स्टॉपपासून सड्यापर्यंत चालावं लागतं, सावली अजिबात नसते. पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोपी घ्या. चित्रावर पाय ठेवून फोटो काढू नका. मी दोनदा अशा लोकांना हाताला धरून बाजूला केलं आहे.

युनेस्कोचे किल्ले या पासात होतील का?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात कोकण किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. रत्नागिरीहून सात दिवसांच्या पासात एक करा, जास्तीत जास्त दोन. विजयदुर्गाला बोट लागत नाही म्हणून तो सोयीचा. सुवर्णदुर्ग हर्णैच्या समुद्रात आणि सिंधुदुर्ग मालवणच्या. दोन्हीकडे होडीचे पैसे वेगळे, आणि पावसाळ्यात होड्या बंद. चारही किल्ले एका आठवड्यात उरकायचे असतील तर तुम्हाला गाडीच्या खिडकीतून फक्त झाडं दिसतील.

पावसात यावं का?

समुद्रात उतरायचं नसेल तर खुशाल या. राजवाड्याचा लाल रंग जुलैत जसा दिसतो तसा मेमध्ये दिसत नाही. गाड्यांना उशीर होतो, एवढं धरून चला.

हापूस कधी मिळतो?

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पेटी घेताना वरची रांग बघून भुलू नका, मधला आंबा काढून हुंगा. देठाशी गोड वास आला पाहिजे.

पास हरवला तर?

दुसरा मिळत नाही. पाकिटात नको, गळ्यातल्या पिशवीत ठेवा.

आमच्याकडे एकच दिवस आहे. काय करावं?

मग पास नकोच, आणि गणपतीपुळेही नको. सकाळी राजवाडा उघडताना दारात हजर राहा. अकराला टिळकांचं घर, बाराला पतितपावन. बाजारात कुठल्याही खानावळीत बांगडा किंवा तिसऱ्या (शिंपल्या), भाकरी आणि सोलकढी, नाहीतर शाकाहारी थाळी. दुपारी उन्हात फिरू नका, वाचनालयात बसा. चारला किल्ल्यावर जा, दीपगृह उघडं असेल तर चढा आणि सूर्य पाण्याला टेकेपर्यंत तिथेच थांबा. मुंबईच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण सकाळीच करून ठेवा.